निःस्वार्थ सेवेबद्दल

फोन आला तेव्हा अनुजा मगदूम कपिलतीर्थ मंडईत दोडकी निवडत होती. पलीकडून डॉ. घाटगे, सोसायटीचे सचिव, बोलत होते आणि मंडईच्या गलक्यात त्यांचं निम्मं बोलणं वाहून जात होतं. कानात नीट शिरलं ते एवढंच, की यंदा दोघांनाही आहे मॅडम, नवरा-बायको एकाच वर्षी, असं आपल्याकडं कधी झालं नव्हतं. सरांना संशोधनाचा आणि तुम्हाला सेवेचा. "कसला?" तिनं विचारलं, ऐकू आलं होतं तरी. "सेवेचा, सेवेचा," घाटगे जवळजवळ ओरडले. "स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रसारासाठी केलेल्या निःस्वार्थ सेवेबद्दल, असं मानपत्रात येईल. अधिवेशन आपल्या कोल्हापुरातच आहे, तेव्हा प्रवासाचीही दगदग नाही. अभिनंदन, मॅडम." अभिनंदन हे तिच्या नवऱ्याचं नाव. लग्न झाल्यापासून कुणीही तिचं अभिनंदन केलं की तिला क्षणभर वाटायचं, हा माणूस तिला नाही, शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाच हाक मारतोय. आज तो शेजारी नव्हता, तरी तिनं वळून पाहिलं.

"काय झालं वो बाई?" भाजीवाल्या तानाबाईंनी विचारलं. "कोण गेलं व्हय?"

"नाही हो. बक्षीस मिळालंय."

"मग चांगलंच हाय की! त्वांड का आसं केलंय? कुनी दिलं?"

"सोसायटीनं."

"कुठल्या, दुधाच्या?"

"नाही, आमची वेगळी आहे. शास्त्र शिकवणाऱ्यांची."

"आसंल," तानाबाई म्हणाल्या. "आमच्या सोसायटीनं औंदा सभासदास्नी डबं दिलं. स्टीलचं. झाकान बसत न्हाई."

अनुजानं दोडकी तशीच ठेवली आणि घेवडा घेतला. मग तिला आठवलं की घेवडा कालच झाला होता. पिशवी घेऊन ती महाद्वार रोडला लागली. देवीच्या दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी अंगावर येत होती. घरी जायचं तर उजवीकडं वळायला हवं होतं. ती सरळ चालत राहिली. एका दुकानाच्या कडेला 'मोफत पादत्राणे सेवा' असं लिहिलं होतं. ही पाटी तिथं कित्येक वर्षं असणार, पण तिनं ती आज वाचली. आणि मग तो शब्द सगळीकडं दिसायला लागला. भक्त निवास सेवा. चोवीस तास रुग्णसेवा. एका भिंतीवर, पिवळ्यावर काळ्या अक्षरात, शववाहिका सेवा आणि खाली मोबाइल नंबर. लहानपणी नव्यानं वाचता यायला लागल्यावर बसमधून दिसेल ती पाटी वाचल्याशिवाय चैन पडायचं नाही, तसं झालं होतं. फक्त तेव्हा मजा वाटायची.

सोसायटीला ती जन्मापासून ओळखत होती. म्हणजे सोसायटीच्या जन्मापासून. दक्षिणेकडच्या चार-पाच जिल्ह्यांतले फिजिक्स-केमिस्ट्रीचे लोक, ज्यांचं काम वर्णपटांशी, म्हणजे पदार्थातून येणारा उजेड उलगडून त्यातल्या रेषा वाचण्याशी. ते वर्षातून एकदा भेटायचे. दोन पुरस्कार. संशोधनाचा सकाळी द्यायचे, उद्घाटनाला आलेल्या मोठ्या पाहुण्याच्या हातून, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. सेवेचा जेवणानंतर. जिलेबी-मठ्ठा झालेला असायचा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पहिल्या रांगेतले ज्येष्ठ डोळे मिटून ऐकत असायचे. सेवेची मानपत्रं बऱ्याचदा अनुजाच लिहायची, कारण तिचं मराठी बरं होतं. कुणी जन्मभर प्रयोगशाळा सांभाळलेली असायची, कुणी सोसायटीचं वार्तापत्र काढलेलं. ती लिहायची: अथक, अविरत, निरपेक्ष, निःस्वार्थ. संशोधनाच्या मानपत्रात काय केलं ते लिहावं लागतं. सेवेच्या मानपत्रात कसं केलं तेवढं लिहिलं की भागतं. जिथं काम सांगता येत नाही तिथं विशेषणं येतात, हे तिला लिहितानाच कळलेलं होतं आणि तेव्हा ती त्यावर अभिनंदनशी हसलीही होती.

रंकाळ्यावर ती कठड्यावर बसली. पाण्याला उन्हाचा वास येत होता. शेजारी एक जोडपं भेळ खात होतं आणि बाई नवऱ्याला, कांदा जास्त झालाय, म्हणून बोलत होती. अनुजा स्वतःला समजावत होती की यात वाईट वाटण्यासारखं काय आहे. मिळालं नसतं तर? काहीच मिळालं नसतं तर ती आत्ता घरी असती, घेवडा मोडत, आणि अभिनंदनला मिळाला म्हणून पेढे आणायला सांगत. त्यात तिला आनंद झाला असता. खरंच झाला असता. मग हे का खुपावं? जणू इतकी वर्षं एका खोलीत ती वावरत होती, आणि आज कुणीतरी येऊन दारावर पाटी लावली होती. आत काय चालतं याची, तिला न विचारता.

सोनल तेव्हा काही महिन्यांची होती. त्या वेळी ते विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये राहायचे आणि अनुजा कॉलेजातला तास संपवून दुपारी अभिनंदनच्या प्रयोगशाळेत यायची. तिची पीएचडी तिथंच चालली होती. काम गुळावर होतं. गुळात कोणी रंग घातलाय का, कोणी हायड्रॉसची पावडर टाकून तो पिवळाधमक केलाय का, हे गूळ न विरघळवता, नुसता उजेड टाकून ओळखायचं. कल्पना अभिनंदनची, आणि चांगली. पण गूळ ऐकत नव्हता. लेसरचा हिरवा किरण पडला की गूळ स्वतःच चमकायचा, आणि त्या चमकेचा कागदावर असा डोंगर उठायचा की ज्या बारीक रेषा हव्या होत्या त्या दिसायच्याच नाहीत. पन्हाळ्याच्या पायथ्याला उभं राहून वरच्या गवताची पाती मोजण्यासारखं. महिनोन् महिने ते दोघं त्या डोंगराशी झगडत होते. एका दुपारी तिनं गुळाचा खडा लावला, किरण चालू केला, तेवढ्यात क्वार्टर्समधून निरोप आला की पोरगी रडून लाल झालीय, सासूबाईंना आवरेना. ती तशीच पळाली. किरण बंद करायचं राहिलं. पोरगी पाजली, झोपवली, परत आली तेव्हा ब्लाऊज ओला झाला होता आणि तिनं पदर घट्ट लपेटून घेतला होता, कुणी बघू नये म्हणून. यंत्राशी गेली आणि सवयीनं आलेख काढणारा रेकॉर्डर चालू केला. पेन वर चढेना. डोंगर बसला होता. इतका वेळ त्याच जागी किरण पडून पडून गुळाची चमक विझत गेली होती, आणि सपाट झालेल्या कागदावर एकेक करून रेषा उभ्या राहत होत्या, बारीक, सरळ, ज्यांची ते इतके दिवस वाट बघत होते त्या.

ती धावत अभिनंदनकडं गेली होती. त्याला एका वाक्यात कळलं. हे त्याचं खरंच होतं. त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. तो ओरडला, तिला त्यानं कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर उचललं, आणि मग लगेच प्रश्न: किती वेळ ठेवला? किरण किती जोराचा? खडा कोरडा होता का? नंतर कळलं की बाहेरच्या देशांत ही गोष्ट माहीत होती. पण गुळावर कुणी केली नव्हती. पेपर लिहायची वेळ आली तेव्हा नावं कुठल्या क्रमानं, हा प्रश्न त्यानं विचारला होता. विचारला होता. आणि तीच म्हणाली होती, "तुमचं आधी घाला." का म्हणाली, हे तिला आज रंकाळ्यावर बसून आठवत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बजावलं नव्हतं. पोरगी मांडीवर होती, हे आठवत होतं. त्याच्या पुढच्या पेपरांत तिचं नाव तिसरं गेलं, मग शेवटी आभारात आलं, मग तेही नाही, कारण तोवर ती खरोखरच त्या कामात नव्हती. ती शिक्षकांसाठी वर्कशॉप घेत होती. रेषा स्पष्ट दिसत होत्या, पण दोष कुणाचा म्हणून बोट ठेवावं अशी जागा तिला सापडत नव्हती, आणि तीच तिची तगमग होती. राग यायला माणूस लागतो.

घरी पोचली तेव्हा अभिनंदन दारातच होता, हातात पेढ्यांचा खोका. उंच, आता थोडा वाकलेला, पण आवाज तोच. "या या, डॉक्टर मगदूम! फोन का उचलला न्हाईस? सगळ्या गल्लीला कळलं, तुलाच पत्ता न्हाई." त्याच्या आईला, रत्नाबाईंना, घरात सगळे आक्का म्हणत. त्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायला लागायचं आणि आज उशीर झाला होता. पण त्या चिडलेल्या दिसल्या नाहीत.

"दोगांस्नी घावलं म्हनं," आक्का म्हणाल्या. "थोरलं कुनाचं?"

"दोन्ही सारखीच हैत, आक्का," अभिनंदन म्हणाला.

"सारखी कशी आसतील? सारखी आसती तर एकच दिलं नसतं?"

तो मोठ्यानं हसला. अनुजा स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग आला, फ्रीजला टेकून उभा राहिला, एक पेढा स्वतःच खाल्ला. काहीतरी सांगायचं असलं की तो असाच उभा राहायचा. "खरं सांगू?" तो म्हणाला. "घाटगेला म्हटलंवतं सांगू नको, पण सांगतो. तुझं नाव मी सुचवलं."

ती घेवड्याच्या शिरा काढत होती. "कधी?"

"दिवाळीत. म्हटलं, ह्या बाईनं इतकी वर्षं वर्कशॉपं काढली. मलकापूरपासून चंदगडपर्यंत कुठल्या कॉलेजातला मास्तर हिच्याकडं शिकला न्हाई? हिला कुणी कधी एक नारळ दिला न्हाई. ते लगेच हो म्हणाले. माझं नाव त्यांच्या डोक्यात आधीपास्नं होतं, ते मला म्हाईत नव्हतं, देवाशप्पथ."

"मग संशोधनासाठीच का नाही सुचवलं?"

"कुणाला?"

ती त्याच्याकडं पाहत राहिली.

"तुला?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. कोड्याचं उत्तर शोधणाऱ्या माणसासारखा तो खरोखर विचार करत होता, आणि त्याला ते सापडत नव्हतं. लबाडी असती तर बरं झालं असतं. "पण तू तर..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "चिडलीस व्हय? मला वाटलं आनंद होईल."

"झाला की," ती म्हणाली. "आक्कांचं पान घ्यायचंय, सरा तिकडं."

मग अधिवेशनापर्यंतचे दिवस आले, आणि ते कसेही घालवले तरी जात नव्हते. लोक घरी यायचे. हार, गुच्छ, शाल. फोटो काढताना दोघांना जवळ जवळ उभं करायचे. वर्तमानपत्रात बातमी आली, 'मगदूम दांपत्याचा दुहेरी गौरव', आणि तिच्यात अभिनंदनच्या गुळाच्या कामावर चांगला मजकूर होता आणि खाली, 'सौ. मगदूम यांनी त्यांना मोलाची साथ दिली.' ती घरात एका खोलीतून दुसरीत जायची आणि कशासाठी आलो ते विसरायची. कपाट लावायला काढायची आणि निम्म्यावर सोडायची. दुपारी आक्का झोपल्या की गॅलरीत उभी राहून समोरच्या बांधकामावरचे लोक बघायची, आणि डोक्यात घाटग्यांना करायचे फोन जुळवायची. मला नको आहे. का नको आहे? त्या 'का'पाशी वाक्य तुटायचं.

सोनलचा पुण्याहून फोन आला. तिला आईच्या आवाजातलं काहीतरी लागलं असावं. "तुला नकोय का तो?" तिनं विचारलं.

"तसं नाही."

"नको असेल तर नको घेऊस. सिंपल आहे."

"नाही घेतला तर म्हणतील, नवऱ्याचा हेवा वाटला."

"वाटतो?"

कुकरची शिट्टी झाली, ती होऊ दिली. "तसा नाही वाटत," ती शेवटी म्हणाली. "त्यांना मिळाला ते बरोबरच आहे. त्यांनी काम केलंय. मला वाटतं ते एवढंच की मी काय केलं, ते कुणाला माहीतच नाही."

"मग सांग ना."

सोनलनं फोन ठेवला, आणि तेव्हा कुठं अनुजाच्या लक्षात आलं की आपण 'काय केलं' असं म्हणालो. 'काय करता आलं असतं' असं नव्हे. हे बोलणं तिच्या तोंडून तिलाही न विचारता निघालं होतं.

कारण वर्कशॉप म्हटलं की तिला आधी शिक्षक आठवत नसत. तिला आठवायचं ते संध्याकाळचं रिकामं डिपार्टमेंट. एरवी त्या यंत्रावर अभिनंदनच्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागलेल्या असायच्या. बाहेरच्या कॉलेजातल्या बाईला, ती सरांची बायको असली तरी, आणि सरांची बायको होती म्हणून तर जास्तच, पाळी मागायला संकोच वाटायचा. पण वर्कशॉपचा आठवडा तिचा असायचा. यंत्र वर्कशॉपसाठी राखून ठेवलेलं, किल्ली तिच्याकडं. दिवसभर ती शिकवायची, हात धरून शिकवायची, कोडोली-गारगोटीच्या मास्तरांना लेसर पहिल्यांदा बघून होणारा आनंद तिलाही व्हायचा, ते काही खोटं नव्हतं. पण पाहुणे चहाला, मग रंकाळा बघायला गेले की ती दार लोटून घ्यायची. तिला एक प्रश्न पडला होता, त्या पहिल्या दुपारपासूनच. सगळ्यांना गुळाची ती चमक घालवायची होती. चमक म्हणजे कचरा, अडथळा. ती विझली की काम सुरू. तिला समजून घ्यायचं होतं की चमकतं ते काय. आणि विझलेला गूळ अंधारात तसाच ठेवला तर चमक परत येते का. काचेच्या पट्टीवर गुळाचा पातळ थर द्यायचा, किरणानं विझवायचा, काळ्या कागदात गुंडाळून ठेवून द्यायचा, आणि पुढच्या वर्षीच्या वर्कशॉपला काढून पुन्हा बघायचा. वर्षातून एक आठवडा. म्हणून ती दर वर्षी वर्कशॉप काढत राहिली होती. यंदा नको, माणसं मिळत नाहीत, असं सोसायटी म्हणाली की ती म्हणायची, मी बघते सगळं, जेवणाचंसुद्धा. आणि लोक म्हणायचे, काय ही तळमळ. त्यांना ती सेवा दिसली. ती चोरी नव्हती, पण भूक होती. आणि भुकेला ते निःस्वार्थ म्हणत होते. हे कळल्यावर तिची तगमग थांबेल असं तिला वाटलं होतं. ती वाढली. आता फोनवर घाटग्यांना सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीतरी होतं, आणि ते सांगायचं धाडस नव्हतं.

अधिवेशनाचा दिवस उजाडला. हॉल भरला होता. सकाळी अभिनंदनला पुरस्कार मिळाला, लोक उभे राहिले, तीही राहिली. तो छान बोलला. पडद्यावर त्यानं तो डोंगर दाखवला, मग सपाट झालेला कागद, आणि म्हणाला, "एके दिवशी आमच्या लक्षात आलं, की वाट बघितली तर चमक आपोआप विझते." आमच्या लक्षात आलं. तिला तो ओला ब्लाऊज आठवला, लपेटलेला पदर, पायऱ्या चढताना लागलेला दम. 'आमच्या' या शब्दात ती होती. नाही असं म्हणता आलं नसतं. पण त्या शब्दात ती कुठं उभी होती ते बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. शेजारी बसलेल्या सोनलनं तिचा हात धरला. सोनलला वाटलं, आई भारावलीय.

जेवणानंतर तिचं नाव पुकारलं. घाटग्यांनी मानपत्र वाचलं: अविरत, निरलस, पतीच्या खांद्याला खांदा लावून, निःस्वार्थ. शाल, नारळ, मखमली फोल्डर. "मॅडम, दोन शब्द." मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. माईक तिच्यासाठी फार उंच होता, तो खाली करताना किरकिरला आणि पहिल्या रांगेतले मिटलेले डोळे उघडले.

"घाटगे सरांनी वाचलं, निःस्वार्थ," ती म्हणाली. "ते बरोबर नाही."

लोक विनयाला हसतात तसे हसले.

"मी वर्कशॉप घेतली ती मशीनसाठी. त्या आठवड्यात मशीन माझ्या ताब्यात असायचं. तुम्ही रंकाळा बघायला गेला की दार लावून मी माझं काम करत होतो." कॉलेजात, सभेत ती नेहमी 'करत होते' म्हणायची, आज माहेरचं, जिथं बायकाही 'होतो' म्हणतात ते बोलणं तोंडात आलं आणि तिनं ते बदललं नाही. "तुम्हाला शिकवलं, ते मनापासून शिकवलं. पण तुमच्यासाठी नव्हतो करत मी. तुम्ही नसता आला तर मला मशीन मिळालं नसतं."

आता कुणी हसलं नाही. ती बोलत राहिली. गुळाची चमक म्हणजे काय, ती का विझते, अंधारात ठेवलेल्या पट्ट्यांवर ती वर्षभरानं कशी परत येते, सगळी नाही, थोडी, आणि परत येते तेव्हा तिचा रंग थोडा तांबडा का झालेला असतो. मराठीत, फळ्याशिवाय, पडद्याशिवाय. किती वेळ बोलली तिला कळलं नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघे पुढं येऊन बसले. "अजून सगळं उत्तर आलेलं नाही," ती म्हणाली. "हे काम मी अजून कुठं छापलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं." मग ती घाटग्यांकडं वळली. "सर, पेन आहे?"

घाटग्यांनी खिशातलं पेन काढून दिलं, कशासाठी ते न कळता. तिनं फोल्डर उघडून टेबलावर ठेवला आणि 'निःस्वार्थ' या शब्दावर रेघ ओढली. कागद गुळगुळीत होता, शाई पहिल्यांदा धरली नाही. तिनं पुन्हा ओढली. मग फोल्डर काखेत घेतला, नमस्कार केला आणि खाली आली. टाळ्या पडल्या, पण कुठं वाजवायच्या हे न कळल्यासारख्या, तुकड्यातुकड्यांनी. अभिनंदन पहिल्या रांगेत होता, खांद्यावर सकाळची शाल तशीच. तो टाळ्या वाजवत नव्हता. तो समोरच्या रिकाम्या पडद्याकडं बघत होता.

सोनल मैत्रिणीकडं गेली. गाडीत ते दोघंच. उन्हं कलली होती. घरी आक्का जेवणाला थांबल्या असणार. अभिनंदननं गाडी काढली. त्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार तिला माहीत होते. हा त्यातला नव्हता. एरवी तिनं अशा वेळी काहीतरी बोलून वाट करून दिली असती. आज तिनं ते केलं नाही. हात मांडीवर ठेवून ती बाहेर बघत बसली.

"मला का सांगितलं न्हाईस?" तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाही."

"माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच मशीनवर. एवढी वर्षं." आवाज चढला, मग उतरला. "लोकांसमोर कळायचं मला?"

"हो," ती म्हणाली. तिला त्याची दया आली, आणि तरी तिनं ते वाक्य मऊ केलं नाही.

दसरा चौकात सिग्नल लागला. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. वाजवता वाजवता बोटं थांबली. "परत येत असेल म्हणजे काय," तो एकदम म्हणाला, आणि हा आवाज वेगळा होता. "ओल धरली असेल तुझ्या थरानं. कोल्हापूरचा पावसाळा. वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेला गूळ पाणी ओढणारच. ती चमक न्हाई, ते पाणी हाय."

"नाही."

"न्हाई कसं? तू ओल मोजलीस?"

"मोजली. कोरड्या डब्यात ठेवलेल्या पट्ट्यांवरही येते. उघड्यावर ठेवलेल्यांपेक्षा जास्त येते. चुकताय तुम्ही."

भाजीवरून, सोनलच्या शाळेवरून, आक्कांच्या औषधांवरून हे वाक्य तिनं त्याला लग्नापासून ऐकवलं होतं. वर्णपटावरून कधीच नाही. तो मान वळवून तिच्याकडं बघायला लागला. त्या बघण्यात राग होता, अपमान होता, आणि त्याखाली, तिला नीट ओळखू येणारी, जुन्या कॉरिडॉरमधली उत्सुकता होती. त्यातलं काय टिकेल ते तिला सांगता आलं नसतं.

"दाखव मला," तो म्हणाला. "उद्या चल लॅबला. सगळ्या पट्ट्या काढ. बसून बघू दोघं, नीट लिहून काढू. चांगल्या जर्नलला जाईल हे."

"दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही चुका काढा. पण लिहिणार मी, आणि नाव माझं एकटीचं जाईल."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग आणखी एकानं. "ओ पावणं, झोप लागली काय!" एक रिक्षावाला बाजूनं ओरडत गेला. अभिनंदन अजून तिच्याकडंच बघत होता.

"सिग्नल सुटलाय," अनुजा म्हणाली. "गाडी घ्या."